अकरा दिवसांनी लहान डोळे

रेवाताई खांबेटे सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. वैखरी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. दोघींमध्ये चांगलं दहा-बारा हातांचं अंतर होतं.

"आई, डावीकडे खडा आहे. पांढरा. अगं, तुझ्या अंगठ्याखाली."

रेवाताईंनी अंगठा उचलला. तांदळाच्या कणीएवढा खडा खरोखरच तिथं होता. त्यांनी तो चिमटीत धरून मुलीकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी हीच मुलगी चष्मा काढला की ताटातली चटणी आणि लोणचं यांत गल्लत करायची.

भिंतीशी पाटावर बसून अप्पा चौगुले चहा पीत होते. रेवाताईंच्या कीर्तनाला बावीस वर्षं त्यांचीच पेटी. ते म्हणाले, "आता जपून ऱ्हावा, ताई. कीर्तनात तुमचा एक केस जरी पिकलेला दिसला, तरी ही मागल्या रांगेतनं मोजंल."

"तुमचे मोजायला फार वेळ लागणार नाही, अप्पाकाका," वैखरी म्हणाली. "सातच उरलेत."

घरात बऱ्याच दिवसांनी असं हसू आलं होतं. वैखरीचे वडील गेल्यापासून मिरजेच्या त्या दोन खोल्यांत मायलेकीच राहत होत्या.

वैखरीच्या डोळ्यांवर झालेल्या शस्त्रक्रियेला 'अंतःकोरण' म्हणत. जुन्या लेसर शस्त्रक्रियेत बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला, म्हणजे पारपटलाला, आधी चीर द्यावी लागे. ती चीर जन्मभर थोडी कच्ची राही, आणि लढाऊ विमानाच्या वैमानिकाला कच्चा डोळा परवडत नाही. तीव्र वळणात त्याचं शरीर सहा-सात पट जड होतं, तसे डोळेही होतात. अंतःकोरणात चीर नव्हती. लेसर पारपटलाच्या पोटात शिरून हवं तेवढंच कोरून येई, आणि नजर जन्मतः मिळते त्याहून दुप्पट तीक्ष्ण होई. शेवटी तोच लेसर पारपटलाच्या कडेला बारा सूक्ष्म ठिपके उमटवून ठेवी. डोळा कुणी कोरला, कुठल्या दिवशी, किती, हे सगळं त्या बारा ठिपक्यांत असे. त्याला नेत्रमुद्रा म्हणत. ती पुसता येत नसे.

वैखरी आठ वर्षांची असताना कृष्णेच्या पुरात मायलेकी दीड दिवस गच्चीवर अडकल्या होत्या. वायुदलाच्या हेलिकॉप्टरनं दोघींना दोरानं वर ओढून घेतलं. चष्मा पुरात गेला होता, म्हणून वैखरीला वैमानिकाचा चेहरा दिसला नाही. फक्त त्या वाऱ्यात यंत्र तसूभर न हलवता धरून ठेवणारा एक हिरवा डाग दिसला. आपल्याला काय व्हायचंय हे तिला त्या दिवसापासून ठाऊक होतं. साडेचार नंबरचा चष्मा तेवढा आडवा आला होता.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला अठ्ठावीस डिसेंबर दिला होता. रेवाताईंनीच फोन करून विनंती केली, "तेरा तारखेला जमेल का? दत्तजयंती आहे. तिचा विसावा वाढदिवस. महाराजांच्या दिवशी झालं की मला घोर राहणार नाही."

खांबेट्यांच्या घरी वाढदिवस तिथीनं होत. इंग्रजी तारीख शाळेपुरती. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजन्माचा पाळणा म्हणून आलेल्या रेवाताईंना कळा सुरू झाल्या होत्या, आणि तेव्हापासून त्या घरात दत्तजयंती हाच वैखरीचा वाढदिवस. शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांनी कीर्तनमंडळींच्या गटावर संदेश टाकला: 'आज आमच्या वैखरीला वीस वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसालाच डोळ्यांचं ऑपरेशन आहे. सर्वांनी महाराजांना सांगणं करावं.'

एकशे चौदा जणांनी हात जोडले होते.

*

दीड वर्षानं वैखरी वायुदलाच्या निवडीत बाकी सगळ्या चाचण्यांत पहिली आली आणि नेत्रतपासणीत अडकली. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिलाही आत बोलावलं गेलं.

नेत्रविभागाचे प्रमुख विंग कमांडर कुरियन पुण्यात शिकलेले. त्यांची मराठी हळू पण स्वच्छ होती. समोरच्या पडद्यावर वैखरीच्या डोळ्याची कडा चंद्रकोरीएवढी मोठी करून दाखवली होती.

"डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण मुद्रेवरच्या तारखेला वय होतं एकोणीस वर्षं तीनशे चोपन्न दिवस. वायुदलाला वीस पूर्ण हवं. अकरा दिवस कमी."

"माझा जन्म चोवीस डिसेंबरचा," वैखरी पुटपुटली, आणि तिनं आईकडे पाहिलं.

रेवाताईंना समजायला आणखी थोडा वेळ लागला. तिथी आणि तारीख यांची एकोणीस वर्षांनी गाठ पडते. वैखरीच्या एकोणिसाव्या वर्षी दत्तजयंती बरोबर चोवीस डिसेंबरला आली होती. पण चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान. म्हणून विसाव्या वर्षी ती तेरा तारखेलाच आली. अठ्ठावीस तारीख रेवाताईंच्या हातात होती. ती त्यांनी स्वतः फोन करून सोडली होती.

"साहेब, अकरा दिवसांनी डोळ्याचं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक काहीच नाही. पण वयाची हद्द मी ठरवत नाही." कुरियन यांनी पडद्याकडे बोट केलं. "पूर्वी आम्ही चार म्हातारे बसून ठरवायचो. उगाच बावीस वर्षं धरली होती. कितीतरी चांगली मुलं घरी पाठवली. आता नियमगणक आहे. देशातल्या प्रत्येक कोरलेल्या वैमानिकाचे डोळे तो दरवर्षी तपासतो, कुठल्या वयाचा डोळा टिकला, कुठला बिघडला ते पाहतो आणि हद्द ठरवतो. त्यानंच ती बावीसवरून वीसवर आणली. त्याला फक्त आकडे खरे लागतात."

मग नियमाप्रमाणे त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. जन्मनोंद चुकीची असल्यास पंधरा दिवसांत आईचं प्रतिज्ञापत्र, आणि शस्त्रक्रियेच्या काळातला एखादा लेखी पुरावा.

"माझ्याकडून सगळ्यांना हा फॉर्म दिला जातो," ते म्हणाले. "म्हणजे तो भरायलाच हवा असं नाही."

*

फॉर्म तीन दिवस देवघरापुढं पडून होता. वैखरी त्याच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. जेवायला बसली नाही असंही नाही. भात कालवून ताटातच ठेवून उठायची.

चौथ्या दिवशी अप्पा म्हणाले, "त्या दिवशीचा तुमचा निरोप हाय की माझ्या फोनमधे. 'आज वीस वर्षं पूर्ण झाली.' तारीख तेरा. पुरावा म्हणत्यात तो ह्योच."

"अप्पा, ते तिथीनं लिहिलं होतं."

"मग खोटं लिवलं व्हतं का?"

"नाही."

"मग झालं की."

तीस वर्षं रेवाताईंनी पूर्वरंगात सत्यावर निरूपण केलं होतं. जीभ चळली की झांजेचा ताल चुकतो, असं त्या पोरासोरांना सांगत. आता त्या स्वतःला वेगळं निरूपण सांगू लागल्या. देवाच्या दरबारी तिथीच चालते. त्या हिशेबानं मुलगी वीस वर्षांचीच होती. माणसांच्या कागदाला देवाचा दिवस कळत नसेल, तर कागदाला समजेल असं लिहायचं, एवढंच.

त्यांनी लिहिलं: 'माझी कन्या वैखरी हिचा जन्म दिनांक तेरा डिसेंबर रोजी झाला. सुईणीनं नोंद उशिरा केल्यामुळे दाखल्यावर चोवीस डिसेंबर लागली.' खाली सही केली. संदेशाची प्रत जोडली. सुईण वारून नऊ वर्षं झाली होती.

वैखरीनं कागद वाचला. दोनदा.

"आई, तुला त्रास होईल."

"मला कसला त्रास? तू वर जा."

वैखरीनं वाकून नमस्कार केला आणि कागद पाकिटात घातला. नको म्हणाली नाही. रेवाताईंना ते तेव्हा बरं वाटलं होतं.

नियमगणकानं पुरावा तपासला. लेखन शस्त्रक्रियेच्या दिवसाचं. तेव्हा खोटं लिहिण्याचं कारण कुणालाच नव्हतं. विश्वासार्हता अतिउच्च. वैखरी खांबेटे हिचं शस्त्रक्रियेच्या वेळचं वय: वीस वर्षं, शून्य दिवस.

*

तिनं चार वर्षं विमान उडवलं. पहिल्या सुट्टीत गणवेशात घरी आली, तेव्हा अप्पांनी पेटीवर गजर वाजवून अख्खी गल्ली दारात आणली. रेवाताईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली ती डोळ्यांवरूनच, तीन वेळा.

पाचव्या वर्षी, सरावात एका तीव्र वळणात तिच्या डाव्या डोळ्यापुढची धावपट्टी दुभंगली. एकीच्या दोन झाल्या, मग दोन्ही वितळल्या. तिनं डावा डोळा मिटून एका डोळ्यावर विमान उतरवलं. शिडीवरून खाली आली तेव्हा कुणाला काही कळलंही नाही.

पारपटल शंकूसारखं पुढं आलं होतं. कोरलेला पडदा भार सोसेना झाला की असं होतं. उजवाही त्याच वाटेवर होता, सावकाश. वैखरीचं उडणं संपलं. पण विमान वाचवल्याबद्दल तिला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि दख्खनच्या पठारावरच्या प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटरची, म्हणजे जमिनीवर राहून उडणं शिकवणाऱ्या यंत्राची, प्रशिक्षिका म्हणून नेमणूक झाली. ती चांगलं शिकवायची. रात्री फोनवर आईला मुलांच्या नकला करून दाखवायची. रेवाताई म्हणत, महाराजांनी पंख घेतले, पण आभाळ ठेवलं.

मग वर्षअखेरीला नियमगणकानं हद्दीचा फेरविचार केला.

वीस वर्षांच्या अगदी काठावर कोरलेले डोळे त्याच्याकडे फार थोडे होते: सात जणांचे. त्या सातांतला एक उडताना बिघडला. गणक माणसांच्या जिवाशी जुगार खेळत नसे. त्यानं हद्द एकवीस वर्षांवर नेली. वीस ते एकवीस या वयात कोरण झालेल्या सेहेचाळीस प्रशिक्षणार्थींची नावं त्याच दुपारी फलकावर लागली. त्यांचं उडण्याचं प्रशिक्षण तिथंच संपलं होतं.

*

रेवाताई मुलीला भेटायला केंद्रावर गेल्या तो नेमका दुसरा दिवस होता. वैखरीच्या क्वार्टरच्या पायरीवर एक मुलगी लोखंडी ट्रंकेवर बसली होती. रेवाताईंना पाहून तिनं उठून पाय धरले.

"तुम्ही मॅडमच्या आई ना? मी इरावती गावित. नंदुरबारकडची. मॅडम सांगतात तुम्ही कीर्तन करता म्हणून. आमच्या गावात एकदा आले होते बुवा, मी लहान होते."

"कुठं निघालीस, बाळा?"

"घरी." ती हसली. "वीस वर्षं चार महिने. माझं कोरण तेव्हाचं. काल बाद झाले. मॅडमनाच भेटून जायचं होतं. त्यांचे डोळे गेले तरी त्या आम्हाला शिकवायला उभ्या राहतात, मला तर नुसतं घरी जायचंय." ट्रंकेची कडी धरत म्हणाली, "गावात सांगितलंय सगळ्यांनी की इरा विमान चालवते. आता एसटीतनं उतरायची लाज वाटते, एवढंच."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रेवाताईंना वाटलं, असतं तर बरं झालं असतं.

वैखरी आली. तिनं इरावतीच्या खांद्यावर हात ठेवला, गाडीपर्यंत सोडून आली. परत येऊन जाड भिंगाचा चष्मा पुसत बसली.

"आपल्यामुळे," रेवाताई म्हणाल्या.

"माझे डोळे कशानं गेले ते कुणालाच माहीत नाही, आई. अकरा दिवसांनी जात नाहीत."

"डोळे कशानंही जावोत. ते एकोणीस वर्षांच्या डोळ्यांत मोजायचे होते. आपण ते विसाच्या राशीत टाकले. ती रास नासली."

वैखरीनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मी कुरियनसाहेबांकडे जाते. खरं सांगते."

"मग काय होईल माहितेय? तुझ्यावर खटला. मला बडतर्फ करतील. प्रशस्तिपत्र, ही खोली, ही मुलं, सगळं जाईल. पाच वर्षं मी खोटी होते असं लिहिलं जाईल." ती शांतपणे बोलत होती, त्यामुळे ते जास्त लागत होतं. "तुला तुझं पुण्य परत मिळेल. मला काय उरेल?"

"पुण्यासाठी नाही गं. त्या ट्रंकेसाठी."

"तू जा. मी तुला अडवणार नाही. पण मला साक्षीला ओढू नकोस. मी काही बोलणार नाही."

रेवाताईंना त्या पाकिटाचा दिवस आठवला. तेव्हाही ती 'तुला त्रास होईल' यापलीकडे काही बोलली नव्हती. बोलायची सवय आपणच लावली नाही, असं त्यांना वाटलं. आयुष्यभर बोलणारी एकटी आई, आणि ऐकणारे बाकी सगळे.

*

कुरियन यांचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते. निवृत्तीला दोन महिने होते, आणि केंद्राचा नेत्रविभाग आता त्यांच्याकडे होता. रेवाताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: अठ्ठावीस तारीख, दत्तजयंती, तो संदेश, मेलेली सुईण. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग जुना फॉर्म पडद्यावर काढून रेवाताईंचा नवा जबाब गणकापुढं ठेवला.

उत्तर क्षणात आलं. कुरियन यांनी ते वाचून चष्मा काढला.

"तो मानत नाही, ताई."

"का? मी खरं सांगतेय."

"तुम्ही तेव्हाही शपथेवर सांगितलं होतं. तो म्हणतो, तेव्हा ही बाई स्वतःच्या मुलीसाठी बोलली, आता दुसऱ्याच्या मुलीची दया येऊन बोलते. दोन्ही वेळा कुणासाठी तरी. पण वाढदिवसाचा तो संदेश कुणासाठीच नव्हता. म्हणून तो संदेशालाच खरं धरतो."

"तो संदेश तिथीचा होता. पंचांग पाहा. चोवीस डिसेंबरला, तिच्या जन्माच्या दिवशी पौर्णिमा होती. त्या वर्षी तेरा तारखेला नव्हती."

"तेही पाहिलं त्यानं. तिथी जुळते. पण योगायोगानं जुळायची शक्यता तिसांत एक, म्हणतो. त्याला हजारात एक लागते." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "माणूस असता तर त्यानं तुमचा चेहरा पाहून विश्वास ठेवला असता. मीच ठेवला असता. पण माणसांनी चेहरे पाहून हद्दी ठरवल्या, तेव्हाही पुष्कळ मुलं घरी गेली होती."

रेवाताई खुर्चीत बसल्या. शब्दावर उभं आयुष्य काढलेल्या बाईचा शब्द पहिल्यांदाच कुठं ठेवायला जागा नव्हती.

"काहीच करता येणार नाही?"

"एक जण आहे. जिचं या खऱ्यात सगळं जातं आणि काहीच मिळत नाही. तिचा जबाब तो मोडू शकणार नाही. त्या सेहेचाळीस जणांना तो पुन्हा बोलावेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "जबाब आला की दुसऱ्या पक्षाला विचारावंच लागतं, ताई. नियम आहे. मी तिला बोलावलंय."

"साहेब, तिला नको. तिनं सांगितलंय मला."

"तिनं मलाही सांगायला हवं. काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल."

दार वाजलं. वैखरी गणवेशात आत आली. तिनं सलाम केला. आईला बसलेलं पाहून तिची पावलं जरा अडली, पण ती पुढं येऊन टेबलासमोर ताठ उभी राहिली. जाड भिंगांमागं तिचे डोळे फार लहान दिसत होते. त्यांना आता समोरच्या पडद्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती. कुरियन यांना ती मोठ्यानं वाचून दाखवावी लागली. आईचा पहिला जबाब, आईचा दुसरा जबाब. बाद झालेल्या सेहेचाळीस नावांची यादीही त्यांनी वाचली, एकेक, घाई न करता. गावित हे नाव अकारविल्हे बरंच वर होतं.

रेवाताईंच्या ओठांवर मुलीच्या वाटचं वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्यांनी मान खाली घातली आणि हात मांडीवर जुळवून ठेवले.

कुरियन यांनी नोंदीचं यंत्र वैखरीकडे वळवलं.

"फ्लाइट लेफ्टनंट खांबेटे," ते म्हणाले, "तुमचा जन्म कधीचा?"